मेक्सिकोतला जुना नाण्यांचा हार घ्यावा का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. केरेतारो शहरात नवऱ्याच्या नोकरीमुळे राहणाऱ्या एका ताईंना ओळखीच्या एका वयस्क बाई आपला सोन्याचा हार विकत देऊ करताहेत. बाई मूळच्या वाहाका राज्यातल्या. हाराची साखळी चौदा कॅरेटची, तिला सोन्याची नाणी लटकवलेली, आणि कानातली तारकामाची. साताऱ्याहून सासूबाई म्हणतात, "चौदा कॅरेट म्हणजे सोनंच नव्हे, त्यापेक्षा इकडे येऊन बावीसचं घे." ताई विचारतात: मेक्सिकोच्या सोन्यात लोकांना एवढं काय दिसतं, जुनं घ्यावं की नवं, आणि घेताना नेमकं काय तपासायचं?

ताई, माझा जन्म सोनाराच्या घरातला. कोल्हापुरात गुजरीत वडिलांच्या बागेसरीसमोर, म्हणजे सोनाराच्या शेगडीसमोर, बसून फुंकणी धरायला शिकलो. गेली काही वर्षं मी नवं घडवणं कमी करून जुन्या दागिन्यांची पारख आणि दुरुस्ती करतो. त्याच कामाने मला मेक्सिकोत नेलं, आणि तिथलं सोनं मी दुकानाच्या काचेतून नाही, चिमट्यात धरून पाहिलं आहे. म्हणून आधी निकाल सांगतो: तुम्ही वर्णन केलंय तसा हार असेल आणि नाणी खरी असतील, तर घ्या. कारणं सविस्तर सांगतो.

आधी सासूबाईंची शंका, कारण ती खोटी नाही. आपल्याकडे सोनं म्हणजे बचत. दागिना मोडायला नेला की सराफ वजन करतो, कस पाहतो, घट धरतो आणि पैसे देतो. त्या हिशेबात घडणावळ बुडीतच जाते, म्हणून शुद्धता जितकी जास्त तितकं बरं असं आपल्या मनात पक्कं बसलेलं आहे. मेक्सिकोत दागिना दहा आणि चौदा कॅरेटमध्ये सर्रास मिळतो, अठरा जरा वरचं समजतात. चौदा कॅरेट म्हणजे हजारात ५८५ भाग सोनं, बाकी तांबं आणि चांदी. म्हणजे ते पितळ नव्हे. भारतातल्या हॉलमार्कमध्येही चौदा आणि अठरा कॅरेट आहेतच. मिश्रधातू जास्त म्हणून ते कणखर असतं. कडी लवकर झिजत नाही, आकडा वाकत नाही, जड नाणं लटकवलं तरी साखळी लांबत नाही. बावीस कॅरेटच्या बारीक कड्यांना तेवढा भार दिला तर दहा-पंधरा वर्षांत कड्या ओढल्या जाऊन अंडाकृती होतात, हे मी शेकडो साखळ्यांत पाहिलं आहे.

आणि सासूबाईंना सांगण्यासारखी खरी गोष्ट पुढेच आहे. हारातली नाणी मेक्सिकोच्या टांकसाळीची असतील तर ती चौदा कॅरेटची नाहीत. १९०५ नंतरच्या तिथल्या पेसोच्या सोन्याच्या नाण्यांत हजारात ९०० भाग सोनं आहे, म्हणजे २१.६ कॅरेट. आपल्या बावीसला जवळजवळ चिकटलेलंच. सगळ्यात मोठं नाणं सेंतेनारिओ, ५० पेसोंचं. १९२१ मध्ये मेक्सिकोच्या स्वातंत्र्याच्या शताब्दीनिमित्त ते पाडलं गेलं, म्हणून हे नाव. त्यावर पंख पसरलेली विजयदेवता आहे आणि तिच्यामागे पोपोकातेपेत्ल आणि इस्ताक्सिवात्ल हे दोन ज्वालामुखी. वजन ४१.६७ ग्रॅम, त्यात शुद्ध सोनं ३७.५ ग्रॅम, व्यास ३७ मिलिमीटर. त्याखालचं २० पेसोंचं आस्तेका, त्यावर प्रसिद्ध सूर्यशिळा, शुद्ध सोनं १५ ग्रॅम. १० पेसोंच्या इदाल्गोत साडेसात, ५ पेसोंच्यात पावणेचार, अडीच पेसोंच्यात १.८७५ आणि २ पेसोंच्या चिमुकल्या नाण्यात दीड ग्रॅम. हे आकडे वहीत लिहून ठेवा, सौदा करताना लागतील.

हिशेब करून दाखवतो. समजा एक सेंतेनारिओ चौदा कॅरेटच्या कोंदणात बसवलं आहे आणि कोंदणाचं वजन आठ ग्रॅम. नाण्यात ३७.५ ग्रॅम शुद्ध सोनं, कोंदणात आठ गुणिले ०.५८५ म्हणजे ४.६८ ग्रॅम. एकूण ४२.१८ ग्रॅम. सगळा नग चौदा कॅरेटचा धरून कोणी भाव केला तर विकणाऱ्या बाईंचं नुकसान, आणि सगळा नाण्याच्या कसाचा धरला तर तुमचं. दोन्ही वेगवेगळं मोजा. विकणारी बाई वयस्क आहे म्हणालात, तर हा हिशेब तिच्यासमोर कागदावर मांडा. तिला फसवून घेतलेला हार तुम्हाला गळ्यात घालवणार नाही.

आता या सोन्याच्या मोहिनीकडे येतो, लोकांना त्यात एवढं काय दिसतं याकडे, कारण तुमचा खरा प्रश्न तो आहे.

मेक्सिकोच्या नकाशात देशाची कंबर जिथे सगळ्यात बारीक होते, तिथे तेवांतेपेकची संयोगभूमी आहे. हुचितान आणि तेवांतेपेक ही तिथली, वाहाका राज्यातलीच गावं, सापोतेक या मूळ रहिवासी लोकांची. तिथल्या बायका बाजार चालवतात. सणाला मखमलीवर मोठाली फुलं भरलेली चोळीवजा कुर्ती आणि घेरदार घागरा नेसून निघतात, आणि गळ्यात सोन्याची नाणी. या बायकांना तेवाना म्हणतात. चित्रकार फ्रिडा काहलो हिने जो वेश जगभर ओळखीचा केला तो याच तेवानांचा. तिच्या आईचं मूळ वाहाकाचं होतं. मे महिन्यात हुचितानमध्ये वेला नावाचे रात्रभराचे उत्सव चालतात. तेव्हा आजीचा हार नातीच्या गळ्यात दिसतो आणि कोणत्या घराण्याकडे काय आहे हे सगळं गाव एका नजरेत वाचतं.

त्या दागिन्यांना नावं आहेत. गळ्याशी घट्ट बसणारा तो आओगादोर, म्हणजे शब्दशः गळा आवळणारा. आपल्या ठुशीच्या जागेचा समजा. पिळाच्या दोरासारखी लांब साखळी ती तोर्साल, आणि तिच्या शेवटी मोठं नाणं. कानात आराकादास, म्हणजे भल्या मोठ्या बाळ्या, बऱ्याचदा तारकामाच्या. नाणी सगळी मेक्सिकोची नसतात. जुन्या हारांत अमेरिकेची अडीच, पाच, दहा आणि वीस डॉलरची सोन्याची नाणी सापडतात. तीही ९०० चीच. ती इथे कशी आली त्यामागे व्यापार आहे. पनामा कालवा होण्याआधी दोन महासागर जोडायचा एक मार्ग याच कंबरेतून जायचा. तेवांतेपेकची रेल्वे नव्याने बांधून १९०७ मध्ये राष्ट्राध्यक्ष पोर्फिरिओ दियास यांच्या हस्ते सुरू झाली. त्या दिवसांत परदेशी माल आणि परदेशी पैसा दोन्ही या गावांतून वाहत होता. १९१४ मध्ये पनामा उघडला आणि मालाची ती वाहतूक आटली. सोन्याची नाणी मात्र बायकांनी गळ्यात ठेवून घेतली होती.

हे वाचताना तुम्हाला पुतळ्यांची माळ आठवली असेल. मला पहिल्यांदा तो हार हातात आला तेव्हा हेच आठवलं. आपली पुतळीही मुळात परदेशी नाणंच. पश्चिम किनाऱ्यावर व्यापारात व्हेनिसचे सोन्याचे डुकाट आले, त्यावर माणसाची आकृती होती म्हणून लोक त्याला पुतळी म्हणू लागले, आणि पुढे सोनारांनी त्या नाण्यासारख्या चकत्या ठोकून माळा केल्या. नाणं हे राजाचं, दागिना मात्र बाईचा. तो तिच्या अंगावर असतो, गरज पडली तर एक नाणं काढून विकता येतं, बाकीची माळ तशीच राहते. वाहाकात आणि कोल्हापुरात बायकांनी एकमेकींना न विचारता स्त्रीधनाची हीच युक्ती शोधून काढली. म्हणून हाराचं एखादं नाणं मधून कमी असेल तर नाक मुरडू नका. कुठल्यातरी वर्षी त्या नाण्याने घर तारलं असेल.

तारकामाबद्दल आता जरा सोनार म्हणून बोलतो.

वाहाका शहरात सांतो दोमिंगोच्या जुन्या मठात संग्रहालय आहे. केरेतारोत आहात, तर तिथे जाऊनच या. मोन्ते आल्बान टेकडीवरच्या सातव्या थडग्यात मिळालेलं सोनं तिथे ठेवलं आहे. जानेवारी १९३२ मध्ये पुरातत्त्वज्ञ आल्फोन्सो कासो यांनी ते थडगं उघडलं. बांधलेलं सापोतेकांचं, पण पुढे मिस्तेक या शेजारच्या लोकांनी त्यात आपले मृत ठेवले आणि त्यांच्यासोबत सोनं, मोती, पोवळं, अंबर, स्फटिकाचा पेला आणि फिरोजा जडवलेली माणसाची कवटी. त्यातली सोन्याची पदकं मी काचेला नाक लावून पाहिली. तारा इतक्या बारीक की मी म्हटलं, हे फिलिग्री काम, म्हणजे तारकाम, तारा ओढून झाळलेल्या, हलक्या सोन्याने सांधलेल्या. मग नीट पाहिलं तर झाळ कुठेच नाही. ते तारकाम नव्हतंच. त्यांनी मेणाचे धागे वळले, मेणातच ती जाळी रचली, वर मातीचा साचा चढवला, मेण वितळवून काढलं आणि त्या पोकळीत सोनं ओतलं. एका ओतणीत अख्खी जाळी, खाली हलणाऱ्या घंटाही. साच्यात हवेचा एक बुडबुडा राहिला तर सगळा नग वाया. मी स्वतः मेणाचं ओतकाम केलं आहे, आजच्या यंत्रावर, भोवती निर्वात पंप लावून. तरीही दहातले दोन-तीन नग पुन्हा ओतावे लागतात. त्या काचेपुढून मला हलवेना.

हे काम कसं करायचे याचं वर्णनही सुदैवाने उरलं आहे. सोळाव्या शतकात बेर्नार्दिनो दे साआगुन नावाच्या धर्मगुरूने तिथल्या जाणत्यांकडून नाहुआत्ल भाषेत सगळं लिहून घेतलं. कोळशाची पूड आणि माती कालवून गाभा करायचा, तो वाळवून कोरायचा, त्यावर कोपाल राळ मिसळलेलं मेण पातळ लाटून बसवायचं, वरून कोळशाचा लेप, मग जाड माती. सोनं ओतून झाल्यावर तो नग तुरटीने घासायचा आणि पिवळी माती व मीठ लावून उजळायचा, म्हणजे वरचं तांबं निघून सोन्याचा रंग खुलतो. ताई, माझे वडील नग उजळायला तुरटी आणि मीठच वापरत. त्या भाषेत सोन्याला तेओकुइत्लात्ल म्हणत, म्हणजे देवाची विष्ठा. सूर्याच्या देहातून पडलेली वस्तू, असा तो भाव आहे. पवित्र मानत, पण जेड आणि हिरव्या पिसांपेक्षा वरचं नाही.

तार ओढून, पिळून, झाळून करायचं खरं फिलिग्री काम स्पॅनिश लोकांबरोबर आलं. दोन बारीक तारा जंत्रीतून, म्हणजे भोकांच्या पट्टीतून, ओढायच्या, एकमेकींभोवती पिळायच्या, चपट्या करायच्या. जाड तारेची चौकट वाकवून आत हे कुरळे भरायचे, मग टाकणखार आणि झाळाचा कीस भुरभुरून ज्योत फिरवायची. एक श्वास जास्त झाला की चौकट उभी राहते आणि आतलं काम वितळून थेंब होतं. पूर्वेकडचा हातही यात मिसळला असावा असं माझं मत आहे. १५६५ ते १८१५ अशी अडीचशे वर्षं मनिलाहून आकापुल्कोला स्पेनची गलबतं येत होती. १६३८ मध्ये सायपान बेटाजवळ फुटलेल्या अशाच एका गलबतातून पुढे फिलिग्रीच्या सोनसाखळ्या निघाल्या. आशियातल्या सोनारांचं काम मेक्सिकोच्या बाजारात पोचत होतं एवढं त्यातून नक्की कळतं. युकातानमध्ये भरतकाम केलेल्या पांढऱ्या पोशाखावर बायका तारकामाच्या मण्यांची आणि पोवळ्यांची लांब जपमाळ घालतात. मिचोआकानमधलं वेतामो गावही सोन्याच्या फिलिग्रीसाठी नावाजलेलं आहे. पण तुम्हाला मिळणारी कानातली वाहाकाकडची आहेत, म्हणून तेवढ्यावरच थांबतो.

जुनं घ्यावं की नवं, या प्रश्नाचं माझं उत्तर मेक्सिको सिटीतल्या एका जागेशी जोडलेलं आहे. मुख्य चौकात, सोकालोवर, मोन्ते दे पिएदाद नावाची, वस्तू गहाण ठेवून कर्ज देणारी संस्था आहे. १७७५ मध्ये पेद्रो रोमेरो दे तेरेरोस यांनी ती काढली, गरिबांना सावकाराच्या तावडीतून सोडवायला. न सोडवलेले दागिने तिथे विकायला ठेवतात. जुनं मेक्सिकन सोनं पाहायचं तर अजूनही ती चांगली जागा आहे. पण तिच्या पायाखाली काय आहे ते ऐका. तिथे आशायाकात्ल या आस्तेक राजाचा वाडा होता. १५१९ मध्ये त्याचा मुलगा मोक्तेसुमा याने स्पॅनिश सेनानी कोर्तेस आणि त्याच्या सैनिकांना उतरवलं ते याच वाड्यात. स्पॅनिश लोकांना तिथे खजिना सापडला. त्यांनी दागिन्यांवरची पिसं उपटली, खडे काढले, आणि सोनं वितळवून लगडी केल्या. त्यांना वजन हवं होतं.

त्यातला थोडा भाग जसाच्या तसा युरोपात पोचला होता. १५२० मध्ये ब्रसेल्समध्ये जर्मन चित्रकार आल्ब्रेख्त ड्यूररने तो पाहिला आणि आपल्या रोजनिशीत लिहिलं की मन इतकं हरखून टाकणाऱ्या वस्तू आपण जन्मात पाहिल्या नाहीत. ड्यूररचा बाप सोनार होता, त्याच्याच हाताखाली तो सुरुवातीला शिकला. म्हणून मी त्याचा शब्द मानतो. त्याने वर्णन केलेला सोन्याचा मोठा सूर्य आज कुठेही नाही. आणि १९८१ मध्ये मेक्सिको सिटीत आलामेदा बागेजवळ बांधकामासाठी खोदताना एका मजुराला सोन्याची वाकडी लगड मिळाली, वजन १.९३ किलो. ३० जून १५२० च्या रात्री कोर्तेसचे लोक शहरातून पळाले, सरोवराच्या कालव्यांत सोन्याच्या भारासकट बुडाले. ही लगड त्या रात्रीची, हे २०२० मध्ये तिथल्या पुरातत्त्व संस्थेने क्ष-किरण तपासणीतून पक्कं केलं. ती लगड कशाची होती? एखादं पदक, घंटांची माळ, ओठातला अलंकार? कोणालाच आता सांगता येणार नाही.

माझ्याही हातून असं झालं आहे. पंचविशीत असताना एक आजी पुतळ्यांची माळ मोडायला घेऊन आल्या. नातीच्या लग्नाला पाटल्या करायच्या होत्या. मी वजन केलं, कस लावला, मुशीत टाकली. तीन-चार पुतळ्यांवरची आकृती बाकीच्यांपेक्षा वेगळी, झिजलेली, कडेला परकी अक्षरं; ते मला दिसलं होतं आणि मी थांबलो नाही. ते डुकाट असावेत हे कळायला मला पुढची दहा वर्षं लागली. सोन्याच्या भावाने आजींचे पैसे चुकते झाले होते. पण ती माळ परत करता येत नाही.

म्हणून ताई, मी जुन्याच्या बाजूने आहे. जुन्या मेक्सिकन नगाला तुम्ही सोन्याचा भाव आणि वर थोडं देता, आणि त्यात मिळतं ते आज कोणी त्या मजुरीत करून देणार नाही. नवं वाईट आहे असं मात्र नाही. ग्वादालाहारात दागिन्यांची मोठमोठी संकुलं आहेत. गेरेरो राज्यातलं इगुआला सोन्याच्या बाजारासाठी प्रसिद्ध आहे. तिथे तुम्हाला पिवळं, पांढरं आणि गुलाबी अशा तीन रंगांच्या सोन्याचं काम दिसेल, त्याला ओरो फ्लोरेंतिनो म्हणतात. सात बांगड्यांचा सेमानारिओ, आठवड्याच्या सात दिवसांच्या, हातात किणकिणतात तेव्हा फार सुंदर लागतात. ग्वादालुपेच्या मातेचं पदक, लग्नात वर वधूला देतो ती तेरा नाणी, तान्ह्या मुलीच्या कानातले ब्रोकेल. हे सगळं आजही रोजच्या वापरातलं आहे, पर्यटकांसाठी मांडलेलं नाही. केरेतारोतच राहता, तर तिथल्या खाणीचा अग्निओपल सोन्यात बसवलेला जरूर पाहा. नारिंगी खड्यात हिरवी ठिणगी फिरते तसं दुसऱ्या कुठल्या खड्यात मी पाहिलं नाही. ग्वायमासच्या समुद्रातल्या शिंपल्यांचे इंद्रधनुषी झाकेचे मोतीही आहेत, अस्सल तिथलेच. १९४२ पासूनची ताने ही पेढी आणि तरुण घडणारे कलाकार चांगलं काम करतात. नवं घ्यायचं तर हाताने केलेलं घ्या. यंत्राची पोकळ साखळी तर साताऱ्यातही मिळेल.

तास्कोचं नाव तुम्ही ऐकलं असेल. ते चांदीचं गाव. विल्यम स्प्रॅटलिंग हा अमेरिकन १९२९ मध्ये मेक्सिकोत आला, १९३१ मध्ये त्याने तास्कोत कारखाना काढला आणि तिथून कारागिरांच्या पिढ्या तयार झाल्या. सोन्यात त्यांचं काम थोडं. गरुडाचा ठसा दाखवून "हा सरकारी शिक्का" म्हणत कोणी सोनं विकू लागलं तर सावध व्हा; १९४८ पासून तीसेक वर्षं चाललेला तो ठसा चांदीचा आहे.

आता तपासायचं काय. नाण्यांपासून सुरुवात करा. प्रत्येक नाणं शक्य तर सुटं करून वजन घ्या आणि वरच्या आकड्यांशी ताडा. सेंतेनारिओ सोडून बाकीच्यांचं मी वर नुसतं शुद्ध सोनं दिलं आहे; त्याला ०.९ ने भागलं की नाण्याचं पूर्ण वजन मिळतं. कडी झाळलेली असेल तर वजन थोडं जास्त येईल, कमी येता कामा नये. व्यास कॅलिपरने मोजा. वजन बरोबर पण जाडी जास्त असेल तर आत सोनं नाही. १९४७ सालची सेंतेनारिओ फार दिसतील, त्यावरून घाबरू नका. पुढे बरीच वर्षं टांकसाळीने तेच साल ठेवून नाणी पाडली. पण चिमुकल्या नाण्यावर माक्सिमिलियानो बादशहाचं डोकं आणि १८६५ साल दिसलं, तर ते नाणं नाहीच. त्या बादशहाचं सोन्याचं खरं नाणं एकच, २० पेसोंचं, १८६६ चं. बाकीची हलक्या सोन्याची किंवा नुसत्या मुलाम्याची खेळणी आहेत, आणि ती दागिन्यांत अतिशय सापडतात. हारात अशी दोन-चार असली तर हार टाकून देऊ नका, त्यांची किंमत मात्र वजा करा.

साखळीवर १४के किंवा ५८५ असा ठसा शोधा, बहुधा साखळी अडकवायच्या आकड्याजवळ असतो. गावच्या सोनाराने केलेल्या जुन्या तारकामावर ठसा नसणं स्वाभाविक आहे. तिथे कसोटी घासा किंवा कॅरेटमीटरवर ठेवा, पण एका जागी नाही. फिलिग्रीत झाळाचं सोनं हलकं असतं, त्यामुळे झाळावर यंत्र लावलं तर कस कमी दिसेल. चौकटीच्या जाड तारेवर, मागे आणि पुढे, असं तीन-चार ठिकाणी पाहा. शिशाची करडी झाळ दिसली तर कुणी अडाण्याने दुरुस्ती केली आहे. ती तापवली की शिसं सोनं खातं. असा नग घेतलात तरी अनुभवी माणसाशिवाय कोणाच्या हाती देऊ नका. "ओरो लामिनादो" किंवा "चापा दे ओरो" हे शब्द ऐकलेत तर तो मुलामा. हुचितानच्या उत्सवांतही आज पुष्कळ बायका खरं सोनं घरी ठेवून मुलाम्याचे हार घालतात, तेव्हा फोटोत दिसला म्हणून हार खरा असं समजू नका.

एका गोष्टीत हात आखडा: कोणी थडग्यातलं, आस्तेक काळातलं सोनं म्हणून काही दाखवलं तर पाहूही नका. १९७२ च्या कायद्याने अशा वस्तू मेक्सिको राष्ट्राच्या मालकीच्या आहेत, त्या देशाबाहेर नेता येत नाहीत. मोन्ते आल्बानच्या पदकांच्या सुरेख प्रतिकृती वाहाकात राजरोस मिळतात, हौस असेल तर त्या घ्या, प्रतिकृती म्हणून.

भारतात आणताना पावती, फोटो आणि वजनाची नोंद जवळ ठेवा आणि निघण्याआधी कस्टमचे त्या वेळचे नियम पाहून घ्या. इथे आल्यावर कौतुकाने कोणी म्हणेल, जरा पॉलिश करून आण. नको. नाण्यावर बफ फिरला की नक्षी गेली. सोन्यापुरतं रिठ्याचं कोमट पाणी आणि मऊ ब्रश पुरे. पोवळं, ओपल, मोती असतील तर तेही नाही, नुसता ओला मऊ कपडा. चिंच, लिंबू पोवळ्याला लावू नका, ते खातं. ओपल बसवलेल्या नगाला ज्योत दाखवायची वेळ आली तर आधी खडा काढायला सांगा. नाण्यांच्या कड्या आतून झिजल्या असतील, बोटाने खेचून पाहा. अर्धी उरलेली कडी चौदा कॅरेटमध्येच बदलून घ्या आणि नाण्याची जुनी झाळ खरवडू देऊ नका.

आणि पैसे देण्याच्या दिवशी त्या बाईंकडे थोडा वेळ बसा. हार कोणी केला, कोणाकडून आला, कुठल्या लग्नात घातला, कमी असलेलं नाणं केव्हा विकलं, हे विचारा आणि त्यांच्याच भाषेत लिहून घ्या, नावांसकट. त्यांचा तो हार घातलेला जुना फोटो असेल तर त्याचा फोटो काढा. तो कागद हाराच्या डबीत ठेवा, सासूबाईंना दाखवण्याआधी.